मॉरोविंडमधील पुस्तकांतल्या विशेषनामांची पाठशुद्धी : प्रकल्प नोंदी

4 नोव्हेंबर 2024

काल भाऊबीज आटोपली. आजपासून रोज रात्री दोन तास या कामाला द्यायचे ठरवले आहे.

मॉरोविंड हा ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला संगणक-खेळ 2002 साली आला. त्याच वर्षी ट्रायब्यूनल आणि 2003 मध्ये ब्लडमून असे त्याचे दोन विस्तार निघाले. या खेळात तलवारबाजीइतकेच वाचनही आहे. दुकानांत, देवळांत, सरदारांच्या वाड्यांत आणि चोरांच्या गुहांतसुद्धा पुस्तके पडलेली असतात, ती उघडून पानामागून पान वाचता येतात, आणि त्यांत इतिहास, पुराणकथा, प्रवासवर्णने, चरित्रे असा सगळा ऐवज असतो. खेळातल्या मोहिमा संपल्या तरी मी ही पुस्तके पुन्हा पुन्हा वाचत आलो. दिवसभर मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाची नजर घरी आल्यावर झोपत नाही. एकच नाव एका पुस्तकात एका तऱ्हेने आणि दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने दिसले की बोट आपोआप पेन्सिल शोधते. ती पेन्सिल एकदा रीतसर हातात घ्यावी, एवढाच या प्रकल्पाचा उद्देश आहे.

व्याप्ती आधीच आखून घेतो, नाहीतर काम पसरत जाईल. फक्त विशेषनामे तपासायची : माणसे, देव, घराणी, गावे, अवशेष, महिने. व्याकरण, विरामचिन्हे आणि वाक्यरचना यांना हात लावायचा नाही. खेळाच्या दृष्टीने चिठ्ठ्या आणि पत्रे हीसुद्धा ‘पुस्तक’ याच प्रकारात मोडतात, पण ती वगळली आहेत, कारण घाईत चिठ्ठी खरडणाऱ्या पात्राचे शुद्धलेखन सुधारण्याचा अधिकार मला नाही.

नोंदी मराठीत ठेवत असल्यामुळे एक अडचण राहणार आहे. इंग्रजी स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक देवनागरीत बहुतेक वेळा विरून जातो. अशा ठिकाणी त्या अक्षराचे नाव लिहून फरक सांगेन.

6 नोव्हेंबर 2024

मूळ खेळ आणि दोन विस्तार अशा तिन्ही मुख्य फायली टीईएस-थ्री-कॉन्व्ह या छोट्या साधनाने जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवल्या आणि त्यांतून पुस्तकांच्या नोंदी वेगळ्या काढल्या. प्रत्येक नोंदीत अंतर्गत ओळखनाव, खेळाडूला दिसणारे शीर्षक, वजन, किंमत, ते गुंडाळीच्या स्वरूपात आहे की बांधीव पुस्तक आहे याची खूण, आणि शेवटी मजकूर असतो. मजकुरात संकेतस्थळांसारख्या खुणा पेरलेल्या असतात. डावीकडून की मधोमध, अक्षराचा रंग, आकार, आणि ‘मॅजिक कार्ड्‌स’ हे टंकाचे नाव, या सगळ्यांच्या मधून खरा मजकूर वाहत असतो. खुणा काढून टाकल्या तर वाचायला सोपे जाते, पण परत घालताना गोंधळ होतो. म्हणून त्या तशाच ठेवून केवळ त्यांच्यामधले शब्द तपासणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.

पुस्तकांतल्या नावांची विसंगती इतकी वर्षे टिकली कशी, याचे कारण खेळाच्या रचनेतच सापडते. संवादांत एखाद्या विषयाचे नाव आले की खेळ ते शब्द हुबेहूब ताडून पाहतो आणि जुळले तर त्यांना दुव्याचा रंग देतो. खेळाडू त्या शब्दांवर टिचकी मारून पुढे विचारतो. संवादात नावाचे एक अक्षर चुकले तर दुवाच तयार होत नाही, विषय खुला होत नाही, आणि चूक चाचणीत सापडण्याची शक्यता वाढते. पुस्तकांना असे दुवे नाहीत. तिथे नाव कसेही लिहिले तरी काहीही अडत नाही, आणि ज्याने काही अडत नाही ती चूक कोणी शोधतही नाही. आमच्या धंद्यात मलपृष्ठावरच्या बारीक अक्षरांचे हेच होते.

9 नोव्हेंबर 2024

आजचा दिवस फसला, पण कामाला दिशा मिळाली.

स्क्रिप्टची कल्पना साधी होती. मोठ्या अक्षराने सुरू होणारे आणि वाक्यारंभी नसलेले सगळे शब्द गोळा करायचे, त्यांची वारंवारता मोजायची, आणि ज्या दोन शब्दांत थोड्याच अक्षरांचा फरक आहे अशा जोड्या काढायच्या. जोडीतला जास्त वेळा आलेला शब्द शुद्ध आणि कमी वेळा आलेला संशयित. शेवटी संशयितांच्या संख्येनुसार पुस्तकांची यादी लावायची. सर्वांत ‘अशुद्ध’ पुस्तक सर्वांत वर.

यादीच्या माथ्याशी आले ‘वर्ड्‌स ऑफ क्लॅन मदर आनिस्सी’. मांजरकुळातल्या खजीत लोकांची एक कुलमाता आपल्या लाडक्या मुलीला सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगते, असे ते छोटेसे पुस्तक आहे. स्क्रिप्टच्या मते त्यात जवळपास प्रत्येक देवाचे नाव चुकले होते. अझुराच्या शेवटी एक ‘एच’ जास्त. मॅग्नसमधल्या ‘एन’च्या जागी ‘आर’. नमीरामध्ये एका ‘आय’ऐवजी दोन. शिओगोराथमधल्या पहिल्या ‘ओ’च्या जागी दुसरा ‘जी’. मेफालाचे झाले माफाला, आणि लोरखानचे लोरखाज.

एक क्षणभर मला वाटले, हे पुस्तक कोणी तरी झोपेत टंकले असावे. मग सगळी नावे एका खाली एक लिहून मोठ्याने वाचली आणि स्वतःचेच हसू आले. हा एका वेगळ्या भाषेचा उच्चार आहे. खजीत आई आपल्या देवांना आपल्या जिभेने हाक मारते, आणि तिच्या जिभेवर मॅग्नस नाही, माग्रस आहे. शिवाय हे बदल सुटे नाहीत, सगळ्या कथाभर तसेच चालतात. ज्या पुस्तकाला स्क्रिप्टने सर्वांत अशुद्ध ठरवले, ते विशेषनामांच्या बाबतीत बहुधा सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले आहे. आपल्याकडे कोणी ‘म्हसोबा’चा ‘महिषासुर’ करून पोथी शुद्ध केल्याचे समाधान मानले असते, तर गावाने त्याला काय म्हटले असते?

स्क्रिप्ट टाकून दिलेली नाही. ती संशय घेण्यापुरती ठेवली आहे. निवाडा तिच्याकडून काढून घेतला.

10 नोव्हेंबर 2024

थोडेच काम. व्हार्डनफेल या बेटाच्या नावात सुरुवातीला दोन ‘व्ही’ आहेत, ते बरोबर आहे. नवख्या माणसाला, आणि शब्दतपासनीस कार्यक्रमाला, तो हमखास मुद्रणदोष वाटतो. ड्वेमर या त्या जगातून नाहीशा झालेल्या लोकांच्या अवशेषांची नावे मात्र यापेक्षा जास्त डोके खातात. एन्चुलेफ्ट आणि एन्चुलेफ्टिंग्थ ही एकाच जागेची लहान-मोठी नावे नसून नकाशावरची दोन वेगळी ठिकाणे आहेत. स्क्रिप्टने पहिल्याला दुसऱ्याचे तुटलेले रूप मानले नाही, ते केवळ अक्षरांचा फरक जास्त होता म्हणून. माझ्या हातून ही चूक सहज झाली असती. ड्वेमर नावे यापुढे नकाशावरच्या नावांशी अक्षर-अक्षर ताडूनच तपासायची.

13 नोव्हेंबर 2024

तीन रात्री केवळ नियम ठरवण्यात गेल्या. आमच्या कामात दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात : मुद्रणदोष आणि पाठभेद. खिळा जुळवणाऱ्याच्या हातून किंवा टंकलेखकाच्या बोटातून झालेली चूक हा मुद्रणदोष, आणि तो निमूटपणे सुधारायचा असतो. निरनिराळ्या प्रतींत, निरनिराळ्या लेखनिकांच्या परंपरेने आलेले वेगळे रूप हा पाठभेद, आणि तो सुधारायचा नसून नोंदवायचा असतो. छापलेल्या पुस्तकात ही विभागणी अवघड असली तरी शक्य असते, कारण लेखक एक असतो. या खेळात प्रत्येक पुस्तकाला दोन लेखक आहेत. एक कंपनीत बसून लिहिणारा खरा माणूस, आणि दुसरा त्या जगातला काल्पनिक ग्रंथकार, जो कधी साम्राज्याचा इतिहासकार असतो, कधी मठातला पुजारी, कधी दूरच्या उत्तरेकडचा भाट. पहिल्याचा हात चुकला असेल तर तो मुद्रणदोष. दुसऱ्याची जीभच वेगळी असेल तर तो पाठभेद. नाव वेगळे दिसले की पहिला प्रश्न ‘बरोबर काय?’ हा नाही. ‘चुकले कोण?’ हा आहे.

त्यावरून ठरले असे की, एकाच पुस्तकात, एकाच वक्त्याच्या तोंडी, एकाच व्यक्तीचे नाव बहुतेक ठिकाणी एका रूपात आणि एखाद्याच ठिकाणी दुसऱ्या रूपात आले, आणि त्या दुसऱ्या रूपाला त्या जगात इतरत्र कुठेही आधार नसला, तरच दुरुस्ती करायची. दोन वेगळ्या पुस्तकांतला फरक आपोआप दोष मानायचा नाही. एखाद्या पुस्तकाचा काल्पनिक लेखक परक्या भाषेचा असेल तर त्याच्या नावांना हात लावण्याआधी त्याच्या लोकांच्या इतर पुस्तकांत तेच रूप आहे का, हे पाहायचे. आणि ज्या ठिकाणी मन दोन्हीकडे झुकते तिथे जैसे थे.

पाठभेदांची वही वेगळी काढली आहे. तिच्यात पहिली नोंद ‘व्हरायटीज ऑफ फेथ इन दि एम्पायर’ या पुस्तकाची केली, कारण ते पुस्तकच मुळात पाठभेदांची वही आहे : साम्राज्यातल्या निरनिराळ्या लोकांचे देव त्यात लोकांनुसार मांडलेले आहेत. ऑरी-एल, अकाटोश, अल्कोश, अल्डुइन ही नावे वेगवेगळ्या लोकांच्या खाली वाचताना मुळाशी काही तरी समान असल्याचे जाणवत राहते, आणि तरीही ती एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. लोरखान आणि नॉर्ड लोकांचा शोर यांचेही तेच. नॉर्डांच्या वुल्फहार्थ राजाच्या पोवाड्यात ड्वेमर राजाचे नावही लांबून ‘डुमलाकाथ’ होते, तर इतर ठिकाणी तो नुसता डुमाक असतो. पोवाड्यात नाव लांबणारच. वृत्त भरायचे असते आणि शत्रू मोठा दाखवायचा असतो.

16 नोव्हेंबर 2024

नागपूरच्या मित्राशी तासभर फोन. तो चाचणीत मदत करणार आहे, आणि ही मालिका त्याने माझ्याहून बारकाईने खेळलेली आहे. त्याचे म्हणणे असे की मालिकेतल्या पुढच्या खेळांत जी रूपे स्थिर झाली तीच प्रमाण धरावीत.

“अरे, वाचणाऱ्याला तीनही खेळांत एकच नाव दिसलं तर बिघडलं कुठे?” तो म्हणाला.

मी बोएथाया या देवतेचे उदाहरण दिले. मॉरोविंडमध्ये तिच्या नावाच्या शेवटी ‘एच’ आहे. 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये तो ‘एच’ गळाला. 2011 च्या स्कायरिममध्ये परत आला. पुढचा खेळ प्रमाण मानायचा तर 2006 साली हे काम करणाऱ्याने मॉरोविंडमधले सगळे ‘एच’ खोडले असते आणि 2011 साली परत घातले असते. प्रमाण म्हणून धरायला यातले एक तरी टोक स्थिर हवे ना?

त्यावर तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बरं, मग अझुराचा ‘एच’ ठेवलास तो कोणत्या हिशेबात?” प्रश्न रास्त होता. अझुरा आणि बोएथाया, दोन्हींत वाद शेवटच्या ‘एच’चाच आहे, दोन्हींत एकच अक्षर आहे, पण कारणे वेगळी आहेत. अझुराचा ‘एच’ खजीत आईचा आहे. तो त्या जगातला आहे. बोएथायाचा जाणारा-येणारा ‘एच’ त्या जगाबाहेरचा आहे, दोन खेळांच्या मधल्या वर्षांत कोणाच्या तरी टेबलावर बदललेला. पहिला वहीत गेला. दुसऱ्याबद्दल निर्णय असा की मॉरोविंड स्वतःपुरता सुसंगत असेल तर पुढच्या खेळांकडे पाहायचेच नाही.

मालिकेच्या मागच्या खेळांकडेही नाही. 1996 च्या डॅगरफॉलमधल्या एका पुस्तकाच्या शीर्षकात आर्के या देवाचे नाव मधोमध अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेले आहे, मॉरोविंडमध्ये ते एकसंध आहे. दोन्ही आपापल्या जागी सुखी राहोत.

18 नोव्हेंबर 2024

आल्डरूनने दोन रात्री खाल्ल्या. रेडोरान घराण्याचे हे गाव. तिथे एका महाकाय खेकड्याच्या कवचाखाली घराण्याचे वाडे आहेत. गावाच्या नावात दोन भाग आहेत. नकाशावर त्यांच्यामध्ये संयोगचिन्ह आहे, संवादाच्या विषयात मात्र अपॉस्ट्रॉफी आहे. खेळ स्वतःच दोन तोंडांनी बोलतो आहे. आजूबाजूला पाहावे तर आल्ड वेलोथी, आल्ड सोथा, आल्ड रेडेनिया ही नावे जागा सोडून तोडून लिहिलेली. म्हणजे ‘आल्ड’ हा एकच शब्द तीन प्रकारे जोडलेला आहे.

नियम लावला तर नकाशा प्रमाण धरून पुस्तकांत सगळीकडे संयोगचिन्ह घालावे लागेल. संवाद प्रमाण धरला तर अपॉस्ट्रॉफी. संवादातला अपॉस्ट्रॉफी बदलता येणार नाही, कारण विषयाचा दुवा त्यावर उभा आहे, आणि नकाशावरचे नाव बदलले तर त्या नावाचा आधार घेणाऱ्या इतर फायली बिघडू शकतात. मी दोन्हींना हात न लावता पुस्तकांकडे आलो. एका पुस्तकात दोन्ही रूपे मिसळली असतील तर त्या पुस्तकातले बहुसंख्य रूप ठेवायचे, पुस्तक-पुस्तकांत फरक असेल तर राहू द्यायचा. हा तोडगा मला पूर्ण पटलेला नाही. पण पुण्याला कोणी ‘पूना’ लिहिले म्हणून जुना कागद कोणी खोडत नाही, एवढ्यावर सध्या थांबतो.

19 नोव्हेंबर 2024

माझीच चूक नोंदवून ठेवतो. ज्या संपादकात मी जेसन फाइल उघडली त्याने सरळ अपॉस्ट्रॉफी आपण होऊन वळणदार करून टाकले. विंडोज-1252 या संकेतनात वळणदार चिन्हालाही स्वतःची जागा आहे, त्यामुळे फाइल परत बांधताना कसलाही इशारा आला नाही. ओपनएमडब्ल्यू या, हाच खेळ चालवणाऱ्या मुक्त इंजिनावर पाहिले तर पडद्यावरही फरक नाही, कारण टंकात नसलेल्या चिन्हाऐवजी ते जवळचे चिन्ह वापरून घेते. म्हणजे चूक डोळ्याला दिसत नाही आणि यंत्रही बोलत नाही. फक्त शोधताना तेच नाव सापडत नाही. विसंगती काढायला बसलेल्या माणसाने नवी आणि आधीपेक्षा अदृश्य विसंगती घातली. संपादक बदलला, त्या दोन दिवसांचे काम मूळ प्रतीवरून पुन्हा केले.

23 नोव्हेंबर 2024

व्हिवेकची 36 प्रवचने मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. व्हिवेक हा मॉरोविंडच्या तीन जिवंत देवांपैकी एक, आणि हे प्रवचनग्रंथ त्याने स्वतः लिहिले आहेत असे ते जग मानते. भाषा अशी की अर्थ हाताला लागता लागता सुटतो.

नावांच्या दृष्टीने तर ते रानच आहे. तिघा देवांना अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक म्हणतात. तिघांना मिळून ‘आल्मसिव्ही’, म्हणजे तिन्ही नावांचे तुकडे जोडून केलेला शब्द. आणि प्रवचनांत मध्येच ते आयेम, सेहत आणि वेहक होतात. स्क्रिप्टने ‘वेहक’ला ‘व्हिवेक’चे बिघडलेले रूप ठरवले होते. वस्तुतः त्या जगातल्या डेड्रिक लिपीतल्या अक्षरांना स्वतःची नावे आहेत, आणि ए, एस आणि व्ही या अक्षरांची नावे आयेम, सेहत आणि वेहक अशीच आहेत. प्रत्येक देवाला त्याच्या आद्याक्षराच्या नावाने पुकारलेले आहे. हे बदलले असते तर तो मुद्रणदोष माझा ठरला असता आणि तो कोणाला सापडलाही नसता.

खरा धडा मात्र एकोणतिसाव्या प्रवचनात होता. त्यात आकड्यांची एक यादी येते. वाचताना ती गूढ वाटावी म्हणून घातलेली सजावट वाटते, आणि कित्येक वर्षे मीही ती तशीच ओलांडून गेलो होतो. जाणत्या खेळाडूंनी तिचे कोडे केव्हाच उलगडले आहे : पहिला आकडा पहिल्या प्रवचनातल्या शब्दाचा क्रमांक सांगतो, दुसरा दुसऱ्या प्रवचनातल्या, आणि असे ते शब्द वेचून ओळीने मांडले की देवाचा कबुलीजबाब तयार होतो : तो जन्मतः देव नव्हता, त्याने देवत्व चोरले आणि आपल्याच सेनानायकाचा खून केला. पहिला आकडा 1. मी पहिले प्रवचन उघडले, पहिला शब्द पाहिला. ‘तो’. दुसरा आकडा 68. दुसऱ्या प्रवचनावर बोट ठेवून शब्द मोजू लागलो आणि तिसाव्याच्या आसपास थांबलो, कारण तोवर माझ्या लक्षात आले होते की माझ्या फायलीत आपण काय करून ठेवले आहे.

माझ्या कामचलाऊ फायलीत जोडशब्दांचा एक नियम चालू होता. तोडून लिहिलेले नाव इतरत्र संयोगचिन्हाने जोडलेले आढळले तर तो ते जोडायचे सुचवत होता. 68 व्या शब्दाच्या आधी दोन शब्दांचा एक झाला की त्यापुढची मोजणी एकाने सरकते, आणि कबुलीजबाबात ‘होता’च्या जागी शेजारचा कुठला तरी शब्द येऊन बसतो. पडद्यावर पुस्तक पूर्वीपेक्षा नीटनेटके दिसले असते. आत दडवलेली कबुली मात्र पुसली गेली असती. छत्तिसाव्या प्रवचनातही परिच्छेदांच्या आद्याक्षरांतून खुनाचा आरोप वाचता येतो. तिथे परिच्छेदाच्या आरंभीचे नाव बदलणे किंवा दोन परिच्छेद जोडणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे.

सगळी छत्तीस प्रवचने कामाच्या बाहेर काढली. एक अक्षरही बदलायचे नाही, दोन शब्दांमधले अंतरही नाही. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी मला एखादा शब्द गळाल्यासारखा वाटला होता आणि तो भरावा अशी इच्छाही झाली होती. अमृताच्या ताटी नरोटी ठेवल्यासारखे झाले असते.

24 नोव्हेंबर 2024

आज हलके काम. पहिल्या युगाच्या शेवटच्या वर्षावर, म्हणजे 2920 वर, बारा भागांची एक कादंबरी या जगात आहे. महिन्याला एक भाग. नवव्या भागाच्या नावात महिना ‘हार्थ फायर’ असा दोन शब्दांत, इतरत्र पंचांगात तो एका शब्दात. भागाचे शीर्षक ही ग्रंथकाराची मर्जी, म्हणून राहू दिले. याखेरीज हेही ध्यानात ठेवायला हवे की खेळात शीर्षकाला 31 अक्षरांचीच मर्यादा आहे. काही पुस्तकांचे फळीवरचे नाव आणि आतल्या पानावरचे नाव वेगळे असते ते त्यामुळे, हेळसांडीमुळे नाही.

इंडोरिल नेरेव्हार आणि व्होरिन डागोथ या पात्रांच्या नावांविषयी मित्राने विचारले होते की एकात घराणे आधी आणि दुसऱ्यात नंतर, हे चालते का. चालते. आपल्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि लग्नपत्रिकेत शेवटी येते, म्हणून कोणी पत्रिका परत छापत नाही. डागोथ घराण्यातलेच पुढचे सगळे, डागोथ गॅरेस वगैरे, घराण्याचे नाव आधी लावतात. त्यालाही तेवढेच कारण असेल.

27 नोव्हेंबर 2024

चाचणीची पहिली फेरी. बदललेले प्रत्येक पुस्तक खेळात उघडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहायचे, असा शिरस्ता ठेवला आहे. एका पुस्तकाचा शेवटचा परिच्छेद गायब. फाइलमध्ये मजकूर शाबूत होता. कारण शोधायला रात्रीचा दीड वाजला. या खेळात शेवटच्या ओळफोड-खुणेनंतरचा मजकूर पडद्यावर येतच नाही. मी नाव दुरुस्त करताना शेवटी एकटीच लोंबकळणारी खूण फालतू समजून पुसली होती, आणि तिच्याबरोबर परिच्छेद गेला. ती खूण परत घातली. आता स्क्रिप्ट प्रत्येक बदललेल्या मजकुराची शेवटची खूण मूळ प्रतीतल्या खुणेशी ताडते आणि फरक असेल तर फाइल बांधतच नाही.

चाचणीसाठी केलेल्या पात्राचे एक गमतीचे झाले. काही पुस्तके पहिल्यांदा उघडली की पात्राचे एखादे कौशल्य एका अंशाने वाढते. चार रात्री नुसती पुस्तके उघडत बसल्याने ते पात्र एकदाही तलवार न उपसता भाला चालवणे, किमया आणि कुलूप उघडणे या विद्यांत पुढे गेले आहे.

30 नोव्हेंबर 2024

‘पॅच फॉर प्युरिस्ट्‌स’ हा दुरुस्तीसंच अनेक जण वापरतात, मीही वापरतो, आणि मजकुरातल्या चुका तोही सुधारतो. दोन फायलींनी एकाच पुस्तकाची नोंद बदलली तर शेवटी चढणाऱ्या फाइलचे चालते, आणि ते अख्ख्या नोंदीचे चालते : मजकूर, किंमत, वजन, सगळे. त्यामुळे माझी फाइल नंतर चढली आणि ती मूळ खेळावर बेतलेली असली, तर त्या संचाने केलेली दुरुस्ती मी नकळत पुसून टाकीन. त्या संचाने हात लावलेली पुस्तके वेगळी काढली, त्यांचा मजकूर आधार म्हणून घेतला आणि माझे बदल त्यावर पुन्हा चढवले. कंटाळवाणे काम होते, पण दोन ठिकाणी त्या संचाने माझ्याआधीच तीच दुरुस्ती केलेली आढळली, तेव्हा बरे वाटले. दुसऱ्या मुद्रितशोधकाची खूण आपल्याच जागी सापडली की वाटते तसे.

3 डिसेंबर 2024

शुद्धिपत्र लिहून पूर्ण केले. प्रत्येक दुरुस्तीपुढे पुस्तक, जुने रूप, नवे रूप आणि एका ओळीत कारण. त्याच्या मागे पाठभेदांची वही जोडली आहे, आणि ती शुद्धिपत्राच्या कितीतरी पट लांब झाली आहे. फाइलच्या शीर्षभागात वर्णनाला 256 अक्षरांचीच जागा मिळते. तिथे ‘36 प्रवचने व सर्व चिठ्ठ्या मूळ प्रतीप्रमाणे’ एवढे आवर्जून लिहिले.

रात्री मित्राला फाइल पाठवली. त्याचा पहिला निरोप तासाभरात आला : आल्डरूनचे एक संयोगचिन्ह त्याला अजून मान्य नाही. कोणते पुस्तक ते उद्या सांगतो म्हणाला. त्या पुस्तकात दोन्ही रूपे किती-किती वेळा येतात ते मोजून, मग पाहू.